काचांविना चष्मा, बोटांविना हात

उंच इमारतीवरच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा चष्मेवाला तरुण ज्याने एकदा पडद्यावर पाहिला, तो हॅरॉल्ड लॉइडला विसरत नाही. मात्र १९२३ च्या 'सेफ्टी लास्ट'मधील त्या तरुणाच्या उजव्या हाताला अंगठा आणि तर्जनी नव्हती, हे तेव्हाच्या फारच थोड्या प्रेक्षकांना ठाऊक असावे.

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील बर्चर्ड या खेड्यात २० एप्रिल १८९३ रोजी लॉइडचा जन्म झाला. निर्माता हॅल रोच याच्याकडे त्याने आरंभी रंगवलेला 'लोनसम ल्यूक' म्हणजे चॅप्लिनचीच सुधारून घेतलेली नक्कल होती. १९१७ मध्ये त्याने बिनकाचांचा गोल चष्मा डोळ्यांवर चढवला आणि विदूषकाच्या जागी शेजारच्या घरातला वाटावा असा तरुण उभा राहिला.

यश हाती येत असतानाच घात झाला. ऑगस्ट १९१९ मध्ये लॉस एंजेलिसमधील एका छायाचित्रकाराकडे जाहिरातीची छायाचित्रे काढताना, नकली समजून हाती घेतलेला बॉम्ब फुटला. दोन बोटे गेली. दृष्टीही जाते की काय, अशी भीती होती. ती सुदैवाने वाचली. काही महिन्यांत तो कॅमेऱ्यापुढे परतला. हातावर कृत्रिम बोटे बसवलेला मोजा असे आणि ते गुपित तो कसोशीने जपत असे.

अशा हाताने त्याने १९२१ च्या नाताळात 'अ सेलर-मेड मॅन' पडद्यावर आणला. एक आळशी धनिकपुत्र एका मुलीला मागणी घालतो. आधी काही कामधंदा करून दाखव, अशी अट तिचा बाप घालतो, तेव्हा हा पठ्ठ्या सरळ नौदलात भरती होतो! मग तिच्याकडून नौकाविहाराचे आमंत्रण येते, पण तोवर खलाशाचा गणवेश अंगावर चढलेला असतो. पुढे खैरपुरा-भंडाना नावाच्या काल्पनिक देशाचा महाराजा नायिकेला पळवतो आणि खलाशी तिला सोडवतो. हा महाराजा हॉलीवूडच्या कल्पनेतला. भारतीय प्रेक्षकाला त्यावर वेगळ्याच कारणाने हसू यावे. दोन रिळांसाठी योजलेली ही प्रेमकथा रंगत जाऊन चार रिळांची झाली आणि लॉइडला लांब पल्ल्याच्या चित्रपटांची वाट सापडली. नायिका मिल्ड्रेड डेव्हिस होती. फेब्रुवारी १९२३ मध्ये दोघे विवाहबद्ध झाले.

'द फ्रेशमन'ने (१९२५) लोकप्रियतेचा कळस गाठला. बोलपटांच्या युगात मात्र ती ओसरली. १९५३ मध्ये त्याला मानद ऑस्कर मिळाले, पण नवी पिढी त्याला फारशी ओळखत नव्हती. त्याला काही अंशी तो स्वतःच कारणीभूत होता. चित्रपटांचे हक्क त्याच्याकडेच होते आणि दूरचित्रवाणीसाठी तो इतकी मोठी रक्कम मागे की व्यवहारच होत नसे. ८ मार्च १९७१ रोजी बेव्हर्ली हिल्स येथे त्याचे निधन झाले. त्याचे चित्रपट मोठ्या संख्येने दूरचित्रवाणीवर आले ते त्यानंतरच.