काळकर्त्यांची वक्रोक्ती आणि तिची किंमत

जुन्या वृत्तपत्रांचे मथळे चाळताना हसू येते, याचे कारण उघड आहे. त्या मथळ्यांतील सत्ताधीश केव्हाच गेलेले असतात, त्यांचा दरारा विरलेला असतो आणि पुढे काय घडले हे वाचकास ठाऊक असते. मथळ्याची शाई ओली असताना त्यावर हसणे आणि इतरांस हसविणे ही गोष्ट मात्र जोखमीची. हा उद्योग पुण्यात बारा वर्षे चालविणारे संपादक म्हणजे ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे.

शिवरामपंतांचा जन्म २७ जून १८६४ रोजी महाड येथे झाला. प्रवेश परीक्षेत त्यांनी संस्कृतातील प्रावीण्याबद्दल दिली जाणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली, १८९२ मध्ये ते एम. ए. झाले आणि पुण्याच्या महाराष्ट्र कॉलेजात संस्कृतचे अध्यापन करू लागले. संस्कृत साहित्यशास्त्रातील वक्रोक्ती आणि व्याजस्तुती हे अलंकार त्यांनी विद्यार्थ्यांस शिकविले असतील. पण त्यांचा खरा उपयोग त्यांनी वर्गाबाहेर केला.

२५ मार्च १८९८ रोजी ‘काळ’ साप्ताहिक निघाले, तेव्हा लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या शिक्षेखाली तुरुंगात होते. त्याच वर्षाच्या आरंभी सरकारने दंडविधानातील १२४ अ या कलमाची व्याप्ती वाढविली होती. सरकारविषयी द्वेष वा तुच्छता उत्पन्न करणे हा आता स्पष्टपणे गुन्हा ठरला होता. सरळ निंदा करणाऱ्यास तुरुंगाची वाट मोकळी होती. शिवरामपंतांनी स्तुतीची वाट धरली.

त्यांची रीत वरकरणी अगदी साधी होती. सरकारी हुकूम वा एखादी बातमी घ्यावी, तिच्यातील दावा निमूटपणे मान्य करावा आणि त्याचे परिणाम गंभीर चेहऱ्याने शेवटपर्यंत मोजीत जावे. ही रीत कशी चालते, याचा एक काल्पनिक नमुना घेता येईल. दुष्काळातही शेतसाऱ्याचा वसूल समाधानकारक झाला, असा मथळा आला असे समजू. दुसरा संपादक संतापेल. वक्रोक्तीचा उपासक सरकारचे अभिनंदन करील. उपाशी रयत जर पोटभर जेवणाऱ्या रयतेइतकाच सारा भरते, तर अन्न ही शेतकऱ्याची चैन ठरते. चैन सुटली की बचत वाढते. तेव्हा तिजोरीच्या हितासाठी दुष्काळ दरसाल पडावा, आणि ज्या वर्षी पाऊस चांगला होईल त्या वर्षी मेघांवर राजद्रोहाचा खटला भरावा! हिशेबात कोठेही चूक नाही, म्हणूनच तो भयंकर आहे.

अशा लेखनावर खटला भरणे ही सरकारची मोठी अडचण होती. लेखात शब्दशः स्तुतीच असेल, तर ती निंदा आहे हे सिद्ध करण्याचा भार सरकारी वकिलावर येतो. आपल्या सरकारची स्तुती कोणी शहाणा माणूस मनापासून करणे शक्य नाही, हे मग त्यालाच न्यायालयापुढे मांडावे लागते. शिवाय वक्रोक्तीचा अर्धा अर्थ कागदावर असतो आणि उरलेला वाचक पुरवितो. ‘काळ’ वाचून गालांत हसणारा प्रत्येक विद्यार्थी वा कारकून त्या लेखाचा सहलेखकच होत असे. आणि सहलेखकांची एवढी मोठी जमात आरोपीच्या पिंजऱ्यात मावणारी नव्हती.

तरीही प्रसंग आलाच. एप्रिल १९०८ मधील मुझफ्फरपूरच्या बॉम्बप्रकरणानंतर ‘काळ’मध्ये आलेल्या लेखनाबद्दल शिवरामपंतांवर मुंबईत राजद्रोहाचा खटला झाला. त्यांच्या साहाय्यासाठी मुंबईस गेलेल्या टिळकांनाच २४ जून रोजी तेथे अटक झाली. कल्पित परिणामांवर लेखणी चालविणाऱ्या संपादकापुढे हा खरा परिणाम उभा राहिला. ८ जुलै १९०८ रोजी शिवरामपंतांना १९ महिन्यांची शिक्षा झाली.

परंतु ‘काळ’ कायमचा बंद पडला तो तुरुंगामुळे नव्हे. १९१० च्या मुद्रण कायद्याने सरकारच्या हाती अधिक स्वस्त शस्त्र दिले. चालू छापखान्यांकडून ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत अनामत मागता येऊ लागली. खटल्यात पुरावा लागतो, वकील लागतात, आणि आरोपीस बोलण्याची संधी मिळते. जामिनास यांपैकी काहीच लागत नाही. केवळ छोट्या पत्राच्या अंदाजपत्रकात मावणार नाही एवढा आकडा लागतो. तुरुंगातून सुटलेल्या संपादकाचे पत्र १९१० मध्ये या मागणीपुढे बंद पडले. ‘काळ’मधील निवडक निबंधांचे खंडही सरकारने जप्त केले. विनोदाचा अर्थ लावण्याची कटकट टाळून सरकारने विनोदाची किंमत वाढविली, हे त्या कायद्याचे खरे अर्थशास्त्र.

शिवरामपंत त्यानंतरही स्वस्थ बसले नाहीत. १९२० मध्ये त्यांनी ‘स्वराज्य’ साप्ताहिक काढले, मुळशी सत्याग्रहात पुन्हा कारावास पत्करला, मराठ्यांच्या लढायांचा इतिहास लिहिला. १९२९ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांस लाभले. त्याच वर्षी २७ सप्टेंबर रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. स्वतःच्या निबंधांवरील जप्ती उठल्याचा मथळा वाचणे त्यांच्या नशिबी नव्हते. तो दिवस १९३७ मध्ये, काँग्रेसचे प्रांतिक मंत्रिमंडळ आल्यावर उजाडला.

आज ते निबंध कोणीही निर्धास्तपणे वाचू शकतो. मात्र ज्या हुकुमांवर आणि बातम्यांवर ते बेतले होते, त्यांचा विसर पडल्यामुळे त्यांतील पुष्कळसा विनोद टीपेवाचून कळत नाही. उपरोधाचे आयुष्य असे अल्प असते. तो ज्या आठवड्यात लिहिला जातो त्याच आठवड्यात त्याचे मोल असते, आणि ते लेखकाला त्याच आठवड्यात चुकते करावे लागते. जुन्या मथळ्यांवर हसणाऱ्या पिढीने म्हणूनच एक प्रश्न स्वतःस विचारावा: आजच्या सकाळच्या मथळ्यावर हसणाऱ्याच्या पाठीशी उभे राहण्याची आपली किती तयारी आहे? ‘काळ’ला वाचक पुष्कळ होते, जामिनाची रक्कम भरण्याची वेळ आली, तेव्हा संपादक मात्र एकटा होता.