जोसेफ लिस्टर : घोडा, वासरू आणि विरघळणारा धागा

जोसेफ लिस्टर (१८२७–१९१२) यांनी १८६५ मध्ये ग्लासगोत जखमांवर कार्बोलिक ॲसिड वापरायला सुरुवात केली. प्रश्न उरला रक्तवाहिनी बांधण्याच्या धाग्याचा. त्याची टोके तेव्हा जखमेबाहेर लोंबत ठेवत. तिथे पू व्हायचा, आणि धागा सुटताना रक्तस्राव होऊन रुग्ण दगावायचाही. लिस्टर यांनी एका घोड्याच्या मानेतील धमनी कार्बोलिकमध्ये भिजवलेल्या रेशमाने बांधून टोके आखूड कापली. जखम भरली, पण रेशीम आत तसेच राहिले. मग १८६८ च्या अखेरीस त्यांनी वासराच्या धमनीवर कॅटगट वापरला. हा धागा मेंढीच्या आतड्याचा. नावात ‘कॅट’ असले तरी मांजराशी संबंध नाही! महिन्याभराने पाहिले, तर धाग्याच्या जागी जिवंत ऊतक तयार झाले होते. पुढे गाईच्या सिझेरियननंतर गर्भाशय शिवायला पशुवैद्यांनी कॅटगटच वापरला.