धूर का होतो, आवाज का येतो? चुलीचं दुखणं ओळखणाऱ्या काउंट रम्फर्डची गोष्ट

चूल फुरफुरली की पाहुणे येणार, असं जुनी माणसं सांगायची. पाहुणे यायचे की नाही ते माहीत नाही, पण लाकूड तापलं की त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतो, तो भसकन पेटतो आणि फुर्र आवाज होतो, हे मात्र पक्कं.

म्हणजे चूल बोलते. मनालीच्या होमस्टेमधली बुखारी असो की अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांच्या घरातला लाकडाचा स्टोव्ह, आत काही बिघडलं की आधी धूर आणि आवाज सांगतात. पण या तक्रारीमागचं कारण शोधून, प्रयोग करून, उपाय सांगायचं काम सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने मनावर घेतलं होतं.

हा माणूस शास्त्रज्ञ होता, हेर होता, सेनापती होता आणि नवरा म्हणून साफ नापास होता. नाव बेंजामिन थॉम्पसन, म्हणजेच काउंट रम्फर्ड.

दुकानातला पोऱ्या ते इंग्रजांचा हेर

26 मार्च 1753 रोजी अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्समधल्या वोबर्न गावात त्याचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचं. वडील लहानपणीच गेले. तेराव्या वर्षी त्याला सेलमच्या एका दुकानात कामाला ठेवलं, पण याचं लक्ष गल्ल्यापेक्षा प्रयोगांत जास्त.

1772 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने एका श्रीमंत विधवेशी लग्न केलं. ती त्याच्यापेक्षा वयाने बरीच मोठी होती आणि न्यू हॅम्पशायरमधल्या रम्फर्ड गावची होती. लग्नामुळे गड्याची थेट मोठ्या लोकांत ऊठबस सुरू झाली. गव्हर्नरने त्याला मेजर केलं. 1774 मध्ये मुलगी झाली, सारा.

तेवढ्यात अमेरिकेत स्वातंत्र्याची लढाई पेटली. थॉम्पसनने बाजू निवडली ती इंग्रजांची. अदृश्य शाईने लिहिलेल्या पत्रातून तो बंडखोरांच्या बातम्या इंग्रजांना पुरवत होता. 1776 मध्ये इंग्रज फौज बोस्टन सोडून निघाली आणि थॉम्पसन लंडनला पोहोचला. बायको आणि तान्ही मुलगी मागे राहिली. बायकोची आणि त्याची पुन्हा कधीच भेट झाली नाही.

लंडनमध्ये त्याने बंदुकीच्या दारूवर प्रयोग केले, 1779 मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला आणि 1784 मध्ये राजाने त्याला सर ही पदवी दिली. मग तो निघाला बव्हेरियाला, म्हणजे आजच्या जर्मनीतल्या म्युनिकला.

भिकाऱ्यांचं जेवण आणि वाया जाणारं सरपण

बव्हेरियाच्या राज्यकर्त्याने त्याच्याकडे फौजेची घडी बसवायचं काम दिलं. थॉम्पसनच्या लक्षात आलं की फौज असो की गरीब, खर्चाची मोठी भोकं दोनच: अन्न आणि जळण.

1 जानेवारी 1790 ला त्याने म्युनिकच्या रस्त्यांवरचे भिकारी सैनिकांच्या मदतीने गोळा केले आणि त्यांना कार्यशाळेत नेलं. तिथे त्यांना काम मिळालं, ऊब मिळाली आणि जेवण मिळालं. हे सगळं खुशीचं होतं असं नाही, भीक मागायला बंदीच होती. पण पोट भरत होतं.

जेवण म्हणजे जव, वाटाणे, बटाटे आणि थोडी आंबट चव असलेलं घट्ट सूप. हेच पुढे युरोपभर रम्फर्ड सूप म्हणून ओळखलं गेलं.

खरी गंमत सूपच्या खाली होती. तेव्हाच्या स्वयंपाकघरात उघड्यावर मोठा जाळ असायचा. बहुतेक उष्णता चिमणीतून आकाशात जायची आणि स्वयंपाकी भाजून निघायचा. थॉम्पसनने विटांच्या बांधकामात भांडी बसवली, प्रत्येक भांड्याखाली वेगळा छोटा जाळ ठेवला आणि प्रत्येक जाळाला हवा किती द्यायची यासाठी झडप लावली. लाकूड कमी, काम तेच.

या कामगिरीबद्दल त्याला काउंट केलं गेलं. पदवीसाठी त्याने नाव निवडलं, बायकोच्या गावचं.

लंडनचा धूर

1795 मध्ये तो लंडनला परतला, तेव्हा श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत एकच तक्रार होती. शेकोटी पेटवली की खोली धुराने भरते आणि तरी अंग गारच राहतं.

बाकीचे चिमणीवर नवी टोपी बसवत होते. रम्फर्डने आधी विचारलं, हवा जाते कुठून?

उत्तर असं निघालं. शेकोटीच्या वरचा चिमणीचा गळा प्रचंड रुंद होता. त्यातून धुराबरोबर खोलीतली गरम हवाही वर जायची. एवढ्या रुंद वाटेत प्रवाह मंदावायचा, मग वरून थंड हवेचा झोत यायचा आणि धुराला परत खोलीत ढकलायचा.

उपाय साधा होता. गळा सुमारे 4 इंचांवर आणायचा. मागची भिंत पुढे घ्यायची. बाजूच्या भिंती तिरप्या करायच्या, म्हणजे उष्णता खोलीत फेकली जाते. थोड्या विटा, थोडा गिलावा आणि एक गवंडी, बस्स.

त्याने लंडनमधल्या शेकडो चिमण्या सुधारल्या, त्यावर सविस्तर लिहिलं आणि पेटंट घेतलं नाही. रम्फर्ड शेकोटी इतकी गाजली की जेन ऑस्टेनच्या 'नॉर्थँगर अ‍ॅबी' या कादंबरीतही तिचा उल्लेख आहे.

मग आवाजांचं काय?

आजचा लाकडाचा स्टोव्ह बंद डब्यासारखा असतो, पण रम्फर्डचा प्रश्न तिथेही चालतो. हवा कुठून येते आणि कुठून जाते? त्यावरून आवाज ओळखा.

*टिकटिक:* लोखंड तापताना प्रसरण पावतं, निवताना आकसतं. पेटवताना आणि विझताना असा आवाज येणं नॉर्मल आहे. धाडकन आवाज आला तर मात्र स्टोव्ह गार झाल्यावर तडा गेलाय का ते पाहा.

*चर्र, सूं सूं:* लाकूड ओलं आहे. टोकाला पाण्याचे बुडबुडे दिसतील. ओल्या लाकडाचा धूर जास्त होतो आणि चिमणीत डांबरासारखा चिकट थर बसतो.

*शिट्टी:* दाराच्या फटीतून हवा आत ओढली जातेय. दाराची सीलबंद दोरी झिजली असेल.

*भक, भक:* आत वायू साठतो, हवा कमी पडते, मग तो एकदम पेटतो. दार झटकन उघडू नका, हवेची झडप हळूहळू उघडा.

*चिमणीतून घोंघावणारा, विमानासारखा आवाज:* हा धोका. आतला थर पेटलाय. स्टोव्हचं दार आणि हवेची झडप बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, अग्निशमन दलाला बोलवा. तापलेल्या स्टोव्हवर पाणी ओतू नका.

आणि एक धोका असा आहे ज्याला आवाजच नाही. चिमणी तुंबली की कार्बन मोनॉक्साइड खोलीत साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. म्हणून बंद खोलीत बुखारी पेटवून झोपायचं नाही आणि जमेल तिथे त्याचा अलार्म लावायचा.

तोफेतून निघालेलं पाणी

उष्णता म्हणजे नक्की काय, हा प्रश्नही रम्फर्डने सोडला नाही. तेव्हा समज होता की उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे, तो गरम वस्तूतून थंड वस्तूत वाहतो.

म्युनिकच्या कारखान्यात तोफांना भोक पाडताना धातू भयंकर तापतो, हे त्याने पाहिलं होतं. त्याने मुद्दाम बोथट हत्यार लावलं, सगळं पाण्याच्या पेटीत बुडवलं आणि घोड्यांच्या जोरावर फिरवत ठेवलं. अडीच तासांत पाणी उकळलं. खाली जाळ नव्हता, विस्तव नव्हता. बघणारे थक्क झाले.

घासत राहिलं तर उष्णता येतच राहते, मग ती साठवलेला द्रव कशी असेल? ती हालचालीचाच प्रकार असली पाहिजे, असं त्याने 1798 मध्ये मांडलं. जगाला हे पूर्ण पटायला पुढची कित्येक दशकं लागली.

1799 मध्ये त्याच्या पुढाकाराने लंडनला रॉयल इन्स्टिट्यूशन सुरू झाली. हम्फ्री डेव्हीला तिथे आणणाराही तोच. पुढे मायकेल फॅरडे याच संस्थेत घडला.

घरातली थंडी

बायको 1792 मध्ये गेली. मुलगी सारा 1796 मध्ये त्याला भेटायला लंडनला आली, तेव्हा ती वीस वर्षांच्या पुढची होती. बाप तिला जवळजवळ अनोळखीच होता.

1805 मध्ये त्याने फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिएच्या विधवेशी, मारी-अ‍ॅनशी लग्न केलं. तिला घरात माणसं हवी होती, त्याला शांतता. एकदा त्याने तिच्या पाहुण्यांसाठी फाटकच उघडू दिलं नाही. तिने त्याच्या लाडक्या फुलझाडांवर उकळतं पाणी ओतलं. काही वर्षांतच दोघं वेगळे झाले.

21 ऑगस्ट 1814 ला पॅरिसजवळच्या ओतॉयमध्ये त्याचा मृत्यू झाला.

त्याला संत म्हणता येणार नाही. त्याने घर सोडलं, इंग्रजांसाठी हेरगिरी केली. पण गरिबाच्या चुलीतून वाया जाणारं लाकूड आणि घरात कोंडणारा धूर हा शास्त्राचा प्रश्न आहे, हे त्याने जगाला दाखवलं. आपल्या वर्ध्याच्या मगनवाडीतली बिनधुराची मगन चूलही त्याच तत्त्वावर चालते: जाळ झाका, हवेला वाट द्या, धूर बाहेर काढा.

त्यामुळे पुढच्या वेळी बुखारी कुरकुरली तर घाबरू नका, दुर्लक्षही करू नका. हवेची वाट शोधा.