पणजीच्या फोटोतले बालगंधर्व

आमच्या इथल्या मराठी मंडळाने यंदा दिवाळीच्या कार्यक्रमात नाट्यसंगीताचा एक तास ठेवला. निवेदन लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला, डलासजवळ राहतो. नाटकाशी संबंध म्हणजे शाळेतल्या स्नेहसंमेलनापुरता. पण कोणीतरी करायला हवंच होतं, म्हणून हो म्हटलं.

तालमीला मित्राची पंधरा वर्षांची मुलगी आली होती. ती एक पद म्हणणार होती आणि तिला 'व्हिंटेज लुक' हवा होता. फोनवर तिने शंभर वर्षांपूर्वीच्या हॉलिवूडच्या नट्यांचे बारीक भुवया आणि गडद ओठ असलेले व्हिडिओ काढून ठेवले होते. आपल्याकडे त्या काळी बायका कशा नटायच्या, असं तिने मला विचारलं. मला काहीच सांगता येईना. रात्री आईला व्हिडिओ कॉल केला, तेव्हा तिने कपाटातून माझ्या पणजीचा एक फोटो काढून दाखवला. मागे शाईने १९२६ लिहिलंय. नऊवारी, मध्ये भांग, अंबाड्यावर गजरा, नाकात नथ, मान जराशी कललेली. आई म्हणाली की पणजीने ही ढब बालगंधर्वांची बघून उचलली होती, आणि सांगलीत त्या काळी अर्ध्या बायकांचे फोटो असेच असायचे.

फोटोतली सतरा-अठरा वर्षांची मुलगी एका पुरुषासारखी दिसायचा प्रयत्न करत होती, हे काही डोक्यातून जाईना. मग पुढचे दोन आठवडे मी नारायण श्रीपाद राजहंस या माणसाबद्दल मिळेल ते वाचत बसलो. मंडळाला पाच मिनिटांचं निवेदन पुरलं. बाकीचं इथे लिहितोय.

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ चा. घरची परिस्थिती बेताची, गळा मात्र देवाने दिलेला. लहानपणी पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्यांचं गाणं ऐकलं आणि त्यांना बालगंधर्व हे नाव दिलं, ते जन्मभर चिकटलं. ऐकू कमी येत होतं, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मिरजेच्या मिशन रुग्णालयात उपचारांची सोय केली. किर्लोस्कर नाटक मंडळी तेव्हा नायिकेच्या शोधात होती. त्यांचे गाजलेले नट भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले होते आणि ती जागा भरून निघाली नव्हती. १९०५ साली मिरजेतच नारायणराव शकुंतला म्हणून रंगमंचावर उभे राहिले. तालीम दिली होती गोविंद बल्लाळ देवलांनी.

आज आपल्याला वाटतं, पुरुषाने बाईचं काम करायचं म्हणजे काहीतरी गंमत. तेव्हा तसं नव्हतं. घरंदाज बाईने नाटकात काम करणं समाजाला मान्य नव्हतं, म्हणून सगळ्या नायिका पुरुषच करत. त्यामुळे रंगभूषेवर मोठी जबाबदारी असायची. गॅसबत्त्यांच्या उजेडात, पार मागच्या रांगेतल्या माणसालाही चेहरा दिसायला हवा. सफेदा, पिवडी, हिंगूळ, काजळ हे तेव्हाचं सामान. दाढी घोटून त्यावर रंगाचा थर, भुवया रेखायच्या, ओठ रंगवायचे, आणि रात्रभर चालणाऱ्या नाटकात घामाने तो ओघळू द्यायचा नाही.

एक गोष्ट मला वाचताना लक्षात आली. रंगभूषा ही कुठल्या ना कुठल्या उजेडासाठी असते. मॅक्स फॅक्टरने १९३७ साली पॅनकेक काढला तो रंगीत सिनेमाच्या कॅमेऱ्यासाठी, आणि मग तो बायकांच्या पर्समध्ये गेला. आज जो चेहरा आपण रील्समध्ये बघतो तो फोनच्या कॅमेऱ्यासाठी आणि गोल रिंगलाइटसाठी बनवलेला आहे. तो तसाच रंगवून भर उन्हात किराणा आणायला गेलं की विचित्र दिसतो. नारायणरावांचा चेहरा गॅसबत्तीसाठी होता, आणि बायकांना ते ठाऊक होतं. म्हणून त्यांनी तो सफेदा काही घरी नेला नाही. चेहऱ्याला रंग फासणं हे चांगल्या घरातलं लक्षणच मानलं जात नसे. त्यांनी उचललं ते बाकीचं: साडी कशी चापून नेसायची, पदर कसा घ्यायचा, केसात फूल कुठे माळायचं, दागिने किती घालायचे, चालताना आणि वळून बघताना मान कशी ठेवायची.

हे उचलण्यासारखं होतं, कारण नारायणराव कशातही खोटं चालवून घेत नसत. शालू आणि पैठण्या खऱ्या जरीच्या. अत्तर खरं, आणि त्याचा वास प्रेक्षागृहात दरवळायचा. रंगमंचावर गालिचे खरे. साथीला अहमदजान थिरकवांसारखा तबलावादक आणि कादरबक्षांची सारंगी. १९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्याबरोबर त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, तेव्हापासून या थाटाला सीमा राहिली नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय मिळाला. 'स्वयंवर'मधली रुक्मिणी, 'संशयकल्लोळ'मधली रेवती, 'मृच्छकटिक'मधली वसंतसेना, 'द्रौपदी' अशा एकेका भूमिकेबरोबर एकेक नवीन ढब शहरात उतरायची. त्यांचे फोटो घराघरांत लागले आणि त्यांचं नाव वापरून वस्तू विकल्या जाऊ लागल्या. आजच्या भाषेत ते इन्फ्लुएन्सर होते. फरक इतकाच की इन्फ्लुएन्सरला साडी कंपनी पाठवते. नारायणराव स्वतः पैसे मोजून आणायचे, बहुतेक वेळा कर्ज काढून.

पण नुसतं नटणं असतं तर ते इतके टिकले नसते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान'मध्ये श्रीमंत घरातली भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला नाकारते, आणि पुढे वनमाला नावाची साधी मुलगी बनून त्याच्या छावणीत जाते. दागिने उतरल्यावर दोघांनाही एकमेकांची खरी ओळख पटते. म्हणजे ज्या नटाचे दागिने बघायला लोक यायचे, त्याला त्याच नाटकात दागिन्यांशिवाय उभं राहावं लागायचं. राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त तर त्यांनी दारुड्याची बायको सिंधू केली. १९१९ साली नाटक रंगमंचावर आलं तेव्हा गडकरी नुकतेच वारले होते. जिच्या शालूसाठी लोक तिकीट काढायचे ती नायिका ठिगळं लावलेलं लुगडं नेसून जात्यावर बसली, आणि बायका पदराने डोळे पुसत राहिल्या. साडी भारी आहे की फाटकी, याने नारायणरावांना फरक पडत नव्हता. ती त्या बाईची वाटली पाहिजे, एवढंच.

मला सगळ्यात जड गेला तो १२ मार्च १९११ चा दिवस. 'मानापमान'चा पहिला प्रयोग मुंबईत होता, आणि त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी गेली. मंडळी प्रयोग पुढे ढकलायला तयार होती. नारायणरावांनी नकार दिला. त्यांनी रंग लावला, शालू नेसला, दागिने चढवले आणि भामिनीचं हसणं-रुसणं रात्रभर केलं. हा प्रसंग आपल्याकडे नेहमी कलेवरची निष्ठा म्हणून सांगितला जातो. ती निष्ठा होतीच. पण मलाही सहा वर्षांची मुलगी आहे, आणि मी त्या रात्रीचा विचार करतो तेव्हा मला टाळ्या आठवत नाहीत. घरी बसलेल्या लक्ष्मीबाई आठवतात. सगळ्या महाराष्ट्राला बाईचं रूप कसं असावं हे दाखवणाऱ्या माणसाची बायको. तिच्या वाट्याला यातलं किती आलं, याबद्दल फार कमी लिहिलेलं सापडतं.

८ जुलै १९२१ ला मुंबईत 'संयुक्त मानापमान' झाला. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी, उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक एका रंगमंचावर आले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. नारायणरावांच्या कीर्तीचं हे टोक म्हणायला हरकत नाही. पण भागीदार तोवर सोडून गेले होते आणि मंडळीच्या डोक्यावर मोठं कर्ज होतं. ते फेडण्यात त्यांची ऐन उमेदीची वर्षं गेली. हिशेब त्यांना कधी जमला नाही. दुसरा कोणी असता तर खोटे दागिने आणून दोन पैसे वाचवले असते. त्यांनी तेही केलं नाही.

मग जमाना बदलला, आणि झपाट्याने बदलला. १९३१ ला बोलपट आला, पुढच्या वर्षी 'अयोध्येचा राजा'त दुर्गा खोटे दिसल्या. १९३३ ला 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. हिराबाई बडोदेकर गाऊ लागल्या, नाटकात काम करू लागल्या. प्रेक्षकांसमोर आता खऱ्या बायका होत्या, आणि कॅमेरा अगदी जवळ येऊन चेहरा बघत होता. पन्नाशीकडे झुकलेल्या, अंगाने सुटलेल्या नारायणरावांच्या शालूकडे बघून लोक हसायला लागले. १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'मध्ये त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली, म्हणजे पुरुषाची. व्ही. शांताराम दिग्दर्शक. पण तो संसार एका सिनेमापुरताच टिकला. नारायणराव पुन्हा नाटकाकडे वळले.

इथून पुढचं आयुष्य वाचताना त्रास होतो. गोहरबाई कर्नाटकी ही गायिका त्यांच्या आयुष्यात आली. त्यांच्या रेकॉर्डी ऐकून ऐकून तिने त्यांची गायकी हुबेहूब उचलली होती. गोहरबाई मुसलमान, त्यामुळे ज्या समाजाने त्यांना डोक्यावर घेतलं होतं त्याने तोंड फिरवलं. लक्ष्मीबाई १९४० ला गेल्या. १९५१ साली नारायणरावांनी गोहरबाईंशी लग्न केलं. पुढे पाय अधू झाले, पैसा उरला नाही. १९५५ ला संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला, १९६४ ला पद्मभूषण. त्याच वर्षी गोहरबाई वारल्या. १५ जुलै १९६७ ला पुण्यात नारायणराव गेले. ज्या रंगमंदिराची पायाभरणी त्यांच्याच हातून १९६२ साली झाली होती, ते पुण्यातलं बालगंधर्व रंगमंदिर त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने, २६ जून १९६८ ला, त्यांच्या वाढदिवशी उघडलं. आपल्यापैकी कित्येकांनी तिथे नाटक पाहिलंय, बाहेर चहा प्यायलाय.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. तिच्या फोनमधला फिल्टर कसा चालतो हे मला माहीत आहे, कारण तशा कामाशी माझा थोडा संबंध आलाय. चेहऱ्यावर साडेचारशेहून जास्त बिंदू पकडायचे, त्यांची जाळी करायची, नाक जरा बारीक, डोळे जरा मोठे, कातडी गुळगुळीत. डलास असो, दुबई असो की दादर, जाळी तीच, म्हणून चेहरेही एकसारखे होत जातात. आणि आरशात तो चेहरा कधीच दिसत नाही, हे पंधरा वर्षांच्या मुलीला रोज सोसावं लागतं.

पण जुनं ते सगळं चांगलं, असंही मला म्हणवत नाही. माझ्या पणजीच्या पिढीलाही बाई कशी असावी हे रंगमंचावरून सांगितलं जात होतं, आणि सांगणारा पुरुष होता. लाजणारी, सोसणारी, नवऱ्याच्या व्यसनापायी मरणारी सिंधू पाहून किती बायकांनी आपलंही सोसणं बरोबर ठरवलं असेल? तेही एक प्रकारचं फिल्टरच. फक्त ते चेहऱ्यावर नव्हतं.

तरी फोटो पुन्हा बघितला की एक फरक दिसतो. पणजीचा रंग सावळा आहे आणि फोटोत तो सावळाच आहे. नाक बसकं आहे, ते बसकंच आहे. बालगंधर्वांकडून तिने मान कलवणं आणि गजरा माळणं घेतलं, चेहरा आपलाच ठेवला. आई सांगते की त्या फोटोसाठी ती घरच्यांना न विचारता स्टुडिओत गेली होती आणि नंतर बोलणी खाल्ली होती.

मी तो फोटो त्या मुलीला पाठवला. कार्यक्रमाच्या दिवशी ती आजीची नऊवारी नेसून आली, अंबाडा घातला, गजरा डलासच्या इंडियन दुकानातला. भुवया आणि ओठ मात्र हॉलिवूडचेच होते, तिला तेच आवडले होते. मेळ बसला की नाही यावर मंडळातल्या मावशी आणि काकूंमध्ये बराच वाद झाला. पद तिने छान म्हटलं. आईला मी व्हिडिओ पाठवला, तर तिने तो दोनदा बघितला आणि विचारलं की मुलीने मान तशी कलवायला कोणाकडून शिकली. मी तरी शिकवलं नव्हतं.