डीसी मोटर कारखान्यात नेणारे झेनोब ग्राम

एकदिश प्रवाहावर चालणारी डीसी मोटर प्रयोगशाळेतून कारखान्यात नेण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, त्या झेनोब ग्राम यांची जयंती ४ एप्रिल रोजी असते. १८२६ मध्ये बेल्जियममध्ये जन्मलेले ग्राम पेशाने सुतार होते. गणिताशी त्यांचा परिचय जुजबीच. पॅरिसमध्ये विद्युतयंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीत नमुने घडवता घडवता ते या विषयाकडे ओढले गेले.

त्या काळच्या जनित्रांतून वीज झटक्याझटक्याने येई. ग्राम यांनी लोखंडी कड्याभोवती तारेची अखंड वेटोळी गुंडाळली आणि ती ठरावीक अंतरांवर कम्युटेटरच्या पट्ट्यांना जोडली. एका वेटोळ्यातील विद्युतदाब उतरू लागला की दुसऱ्यातील चढे, त्यामुळे जवळपास सलग प्रवाह मिळू लागला. १८७१ मध्ये हे यंत्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे सादर झाले. अशाच कड्याचे आर्मेचर इटलीच्या आंतोनियो पाचिनोत्ती यांनी १८६० मध्येच बनवले होते. मूळ कल्पनेचा मान त्यांचा. बाजारात टिकणारे यंत्र मात्र ग्राम यांचे.

१८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात त्यांचे सहकारी इपोलित फोंतेन यांनी एका यंत्राची वीज सुमारे एक किलोमीटर लांबीच्या तारेने दुसऱ्या यंत्रास दिली आणि त्यावर पाण्याचा पंप चालवला. तारा चुकून जोडल्या गेल्याने हा शोध लागला, ही कथा जरा अधिकच रंगवून सांगितली जाते. जनित्र उलट चालवल्यास मोटर होते हे जाणकारांना ठाऊक होते. ते उपयोगाचे आहे, हे तेथे लोकांनी पाहिले.

मोटर म्हणून फिरतानाही आर्मेचर जनित्राचा स्वभाव सोडत नाही. चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या वेटोळ्यांत पुरवठ्याच्या विरुद्ध विद्युतदाब निर्माण होतो. सुरुवातीला आर्मेचर स्थिर असल्याने हा विरोध शून्य असतो आणि तारेचा अल्प रोध तेवढा आड येतो. म्हणून प्रवाह उसळतो. मोठ्या मोटरींना सुरू करताना जादा रोध जोडावा लागतो, तो यासाठीच. वेग वाढताच प्रवाह घटतो. भार वाढून वेग मंदावला की विरोध कमी होतो आणि मोटर आपणहून अधिक प्रवाह घेते.

कड्याच्या आतील बाजूची तार जवळजवळ निरुपयोगी ठरे. जर्मनीत हेफ्नर-आल्टेनेक यांनी दंडगोलाकार आर्मेचर बनवून हा दोष दूर केला आणि ग्राम यांचे कडे कालांतराने मागे पडले. २० जानेवारी १९०१ रोजी पॅरिसजवळ त्यांचे निधन झाले.