जनरल सर जेम्स औट्रम

खानदेशातील भिल्लांचे बंड मोडावयास १८२५ साली हे तरुण सरदार पाठविले गेले. त्यांनी भिल्लांसंगे वाघांची शिकार करून त्यांचा विश्वास संपादिला व धरणगावी त्यांचीच पलटण उभारिली. पुढे सिंध खालसा करणे त्यांस अन्याय वाटला, म्हणून तेथील लुटीचा आपला वाटा त्यांनी धर्मादाय देऊन टाकिला. (१८५६ साली अयोध्येचे राज्य मात्र त्यांच्याच हातून खालसा झाले, हेही सांगितले पाहिजे.) १८५७ साली लखनौच्या स्वारीत सेनापतिपद त्यांचे होते, परंतु आधीच्या लढाया हॅवलॉकसाहेबांनी मारिल्या होत्या, सबब लखनौस पोहोचेपर्यंत औट्रम त्यांच्या हाताखाली केवळ स्वयंसेवक होऊन लढले. मंडळीत मानाच्या जागेसाठी तंटणाऱ्यांस हे नवल वाटेल! १८६३ साली फ्रान्स देशी ते निवर्तले; वेस्टमिन्स्टर अॅबीत त्यांची कबर आहे.