नाण्यांना बोलते करणारे फादर एखेल

कैसराला कर द्यावा की देऊ नये, असा प्रश्न घेऊन काही लोक प्रभू येशूला पेचात पकडायला आले, ही गोष्ट आपण मिस्साबलिदानात कितीतरी वेळा ऐकली आहे. प्रभूने लगेच उत्तर दिले नाही. आधी त्याने एक दिनार मागवून घेतला आणि त्यावर मुखवटा कोणाचा व लेख कोणाचा, हे त्यांनाच विचारले. नाणे हे नुसते मोजायचे नसते, ते वाचायचेही असते, ही बाब या प्रसंगात आमच्या सहसा लक्षात येत नाही.

तो दिनार तिबिर्य कैसराचा असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. एका बाजूला सम्राटाचे मस्तक, भोवती तो दैवी ऑगस्टसचा पुत्र असल्याचा लेख आणि मागे आसनावर बसलेली एक स्त्री, असे ते चांदीचे नाणे. मिरीच्या व्यापारामुळे अशी नाणी आपल्या दक्षिण भारतातही मोठ्या संख्येने आली व तेथे जमिनीत सापडली आहेत. त्या काळच्या एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात आपल्या सोपारा आणि कल्याण बंदरांचीही नावे आहेत. म्हणजे हा विषय आपल्याला वाटतो तितका परका नाही.

अशी जुनी ग्रीक व रोमन नाणी वाचायची कशी, याची शिस्त जगाला घालून देणारे गृहस्थ एक कॅथलिक धर्मगुरू होते. त्यांचे नाव फादर योसेफ हिलेरियस एखेल. आज त्यांची ओळख करून घेऊ या.

कारभाऱ्याचा मुलगा

एखेल यांचा जन्म १३ जानेवारी १७३७ रोजी ऑस्ट्रियातील एन्झेसफेल्ड या गावी झाला. वडील एका सरदाराच्या जमिनीचे कारभारी होते. मुलाचे शिक्षण व्हिएन्ना येथे येशूसंघीय धर्मगुरूंच्या विद्यालयात झाले आणि वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, १७५१ साली, तो येशूसंघात दाखल झाला. पुढे त्यांनी श्टायर येथे व नंतर व्हिएन्नात काव्य आणि वक्तृत्व हे विषय शिकविले.

व्हिएन्नातील येशूसंघीयांना नाण्यांची आवड जुनीच होती. फादर फ्र्योलिख आणि त्यांच्या मागून फादर खेल यांनी विद्यालयाचा नाणेसंग्रह नावारूपाला आणला होता. त्यांच्याच परंपरेत एखेल तयार झाले. १७७२ साली या संग्रहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि त्याच वर्षी वरिष्ठांच्या परवानगीने ते इटलीला गेले. तेथील मोठमोठे संग्रह स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे, एकेक नाणे हातात घेऊन तपासायचे, हा त्यांचा हेतू होता.

फ्लॉरेन्समध्ये टस्कनीचे राजे लिओपोल्ड यांनी आपला नाणेसंग्रह लावून देण्याचे काम त्यांच्यावर सोपविले. हे लिओपोल्ड म्हणजे ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी मारिया तेरेझा यांचे चिरंजीव. पस्तिशीतील या फादरांना मनासारखे काम मिळाले होते. पण त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा धक्का आता जवळ आला होता.

घर हरवले

२१ जुलै १७७३ रोजी पोप चौदावे क्लेमेंट यांनी येशूसंघ विसर्जित केला. युरोपातील राजदरबारांच्या दडपणाखाली हा निर्णय झाला होता. पोर्तुगाल, फ्रान्स आणि स्पेन या देशांनी तर आधीच येशूसंघीयांना आपल्या राज्यांतून काढून दिले होते. आता संघच उरला नाही.

चौदा वर्षांचे असताना ज्या घरात पाऊल टाकले, बावीस वर्षे ज्या घराचे नियम पाळले, ते घर एका आज्ञापत्राने बंद झाले. गुरुदीक्षा कायम होती, पण संघ, सहकारी, वरिष्ठ, विद्यालय असे सगळे काही हातातून गेले. असे हजारो धर्मगुरू त्या वर्षी युरोपभर आणि मिशनच्या देशांत पोरके झाले. कित्येकांची उमेद खचली असेल, तर त्यांना दोष कोण देईल?

एखेल यांनी पोपमहोदयांचा निर्णय मानला आणि हातातले काम सोडले नाही. १७७४ मध्ये ते व्हिएन्नाला परतले. सम्राज्ञी मारिया तेरेझा यांनी राजसंग्रहातील प्राचीन नाण्यांचा विभाग त्यांच्या हवाली केला आणि व्हिएन्ना विद्यापीठात प्राचीन वस्तू व नाणेशास्त्र या विषयांचे प्राध्यापकपदही त्यांना दिले. त्या वेळी राजसंग्रहाचे प्रमुख होते वृद्ध दुवाल. हे गृहस्थ लहानपणी फ्रान्समध्ये गुरेमेंढरे राखत आणि स्वतःच्या धडपडीने विद्वान झालेले. गुराखी मुलगा आणि कारभाऱ्याचा मुलगा सम्राटांच्या खजिन्यात शेजारी शेजारी बसले, ही देवाची करणीच म्हणायची!

ढिगातून शास्त्र

आता एखेल यांनी नेमके केले काय, ते पाहू.

त्या काळी जुनी नाणी जमविणे हा राजे, सरदार व श्रीमंतांचा आवडता छंद होता. पण जमविलेली नाणी लावायची कशी, यात एकवाक्यता नव्हती. कोणी सोने, चांदी, तांबे असे धातूवार ठेवी, कोणी लहानमोठ्या आकाराप्रमाणे, तर कोणी गावांच्या नावांच्या अकारविल्ह्याने. मग अंत्युखिया आणि अथेन्स शेजारी येत आणि खरी शेजारची गावे मात्र दोन टोकांना जात. आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांची यादी नुसती नावांच्या अक्षरांवरून केली, तर कोण कोणाच्या आळीत राहतो ते कळणार नाही, तसाच हा प्रकार.

नाणी देशाप्रमाणे लावावीत, हा विचार फ्रान्समधील पेलेरिन या संग्राहकाने आधी मांडला होता. एखेल यांनी तो पूर्णत्वास नेला. पोर्तुगाल-स्पेनच्या किनाऱ्यापासून निघायचे. फ्रान्स, इटली, ग्रीस करीत आशिया मायनर, सिरिया, मग मिसर आणि शेवटी आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्याने पुन्हा पश्चिमेला यायचे. भूमध्य समुद्राला जणू एक प्रदक्षिणाच! प्रत्येक प्रांतात शहरे, आणि राजे असतील तेथे राजे काळाच्या क्रमाने. असे लावले की करिंथ, इफिस, अंत्युखिया ही पौलाच्या प्रवासात आपल्याला भेटणारी शहरे आपापल्या जागी, आपापल्या शेजाऱ्यांसह उभी राहतात.

रोमन सम्राटांच्या नाण्यांसाठी त्यांनी काळाचा धागा धरला. सम्राटाला एक विशेष अधिकारपद दरवर्षी नव्याने मिळे आणि हे कितवे वर्ष, त्याचा आकडा पुष्कळदा नाण्यावर छापलेला असे. तो कितव्यांदा कॉन्सल झाला, हेही असे. हे आकडे नीट वाचले की नाणे कोणत्या वर्षी पाडले ते सांगता येते, आणि त्यावर दाखविलेला विजय, पूल किंवा मंदिर यांचाही काळ ठरतो. ज्या नाण्यांवर असा काही पुरावा नाही, ती एखेल यांनी वेगळी मांडली. उगाच अंदाज करून ती वर्षांच्या रांगेत घुसविली नाहीत.

या सचोटीची फार गरज होती. सोळाव्या शतकात इटलीतील पादुआ येथे काविनो नावाच्या कारागिराने रोमन नाण्यांच्या अशा हुबेहूब प्रतिकृती बनविल्या होत्या की जाणकारही फसत. त्याच शतकातील गोल्झियस या चित्रकाराच्या प्रसिद्ध पुस्तकांत तर कोणी कधी न पाहिलेली नाणीही छापलेली होती आणि मागचे विद्वान ती खरी धरून चालत. एखेल यांनी अशा पुस्तकांवर कडक टीका केली. ज्ञान वाढवायचे तर आधी खोटे बाजूला काढले पाहिजे, असा त्यांचा बाणा होता.

शास्त्रात भेटणारी नाणी

ही विद्या आपल्यालाही उपयोगी आहे, हे एकदोन उदाहरणांवरून कळेल. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिस नगरात अर्तमी देवीवरून दंगल होते. तेव्हा शहराचा अधिकारी लोकांना शांत करताना आपले नगर हे देवीच्या मंदिराचे राखणदार असल्याचे म्हणतो. मूळ ग्रीकमध्ये त्यासाठी जो शब्द आहे, तोच शब्द इफिसच्या नाण्यांवर छापलेला सापडतो. पवित्र शास्त्रातला शब्द आणि बाजारात फिरलेला पैसा एकमेकांना साक्ष देतात.

इ. स. ७० मध्ये येरुशलेम पडले. त्यानंतर सम्राट वेस्पासियनने पाडलेल्या नाण्यांवर खजुराचे झाड आणि त्याखाली शोक करीत बसलेली स्त्री दिसते. ती स्त्री म्हणजे यहूदिया. जिंकणाऱ्याने मिरविण्यासाठी पाडलेले नाणे आज हरलेल्यांचे दुःख सांगते.

ज्या अंत्युखियात शिष्यांना प्रथम ख्रिस्ती हे नाव मिळाले, त्या शहराच्या नाण्यांवर एखेल यांनी १७८६ साली स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

शेवटचा ग्रंथ

राजसंग्रहाची सूची त्यांनी १७७९ मध्ये प्रसिद्ध केली. १७८७ मध्ये नवशिक्यांसाठी जर्मन भाषेत एक छोटे पाठ्यपुस्तक लिहिले. एवढा मोठा विद्वान, पण विद्यार्थ्याला पहिली पायरी दाखवायला त्यांनी कमीपणा मानला नाही. आपल्या धर्मशिक्षण वर्गातील शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावे.

त्यांचे खरे जीवनकार्य म्हणजे प्राचीन नाण्यांच्या शास्त्रावरील लॅटिन भाषेतील आठ खंड. पहिला खंड १७९२ साली निघाला. पहिल्या चार खंडांत शहरे, लोक आणि राजे यांची नाणी, तर पुढच्या चारांत रोमची. बाहेर फ्रान्समध्ये राज्यक्रांती पेटली होती, राजसिंहासने डळमळत होती, युद्धे चालू होती. हे फादर मात्र एकेक खंड पुरा करीत होते. आठवा खंड १७९८ मध्ये निघाला आणि त्याच वर्षी १६ मे रोजी व्हिएन्नात त्यांनी देह ठेवला. वय होते एकसष्ट.

येशूसंघ पुन्हा स्थापन झाला तो ७ ऑगस्ट १८१४ रोजी, पोप सातवे पायस यांच्या हस्ते. एखेल यांना जाऊन तेव्हा सोळा वर्षे झाली होती. हरवलेले घर त्यांना या जगात परत दिसले नाही.

पण त्यांनी आखलेला क्रम मात्र टिकला. पुढच्या काळात युरोपातील अनेक संग्रहालयांनी आणि सूचीकारांनी ग्रीक नाणी लावताना भूमध्य समुद्राची तीच प्रदक्षिणा धरली. त्यांनी सांभाळलेला राजसंग्रह आज व्हिएन्नाच्या कलेतिहास संग्रहालयात आहे आणि त्यात सुमारे ६ लाख वस्तू आहेत. त्याच संग्रहालयासमोरच्या चौकात १८८८ साली सम्राज्ञी मारिया तेरेझा यांचे भव्य स्मारक उभारले गेले. त्यावर सेनापती आहेत, मंत्री आहेत, हायडन व लहानगा मोझार्ट हे संगीतकार आहेत, आणि त्यांच्याच शेजारी आमचे फादर एखेलही आहेत.

आपल्यावर सोपविलेले काम कधी कधी आपल्या हातून काढून घेतले जाते. संस्था बदलतात, माणसे बदलतात, एखादे दार कायमचे बंद होते. अशा वेळी रुसून बसायचे, की हातात उरलेले काम आणखी नेटाने करायचे, हे आपल्याला ठरवावे लागते. फादर एखेल यांनी काय ठरविले, ते त्यांच्या आठ खंडांत दिसते. पुढच्या वेळी कैसराच्या दिनाराचे शुभवर्तमान वाचले जाईल, तेव्हा त्यांचीही एक आठवण करू या.